दुसऱ्याच्या खर्ड्यावर शिकलेली कथा

कथालेखन शिकवता येते की ते अंगभूतच असावे लागते, हा वाद मराठीत निदान ना. सी. फडके यांच्या ‘प्रतिभासाधन’ या १९३१ सालच्या ग्रंथापासून चालत आलेला आहे. फडक्यांनी कथात्म लेखनाच्या तंत्राची रीतसर मांडणी केली. पुढे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने त्या तंत्राची घडी विस्कटून टाकली आणि तंत्र शिकून कथा साधत नाही, असा समज हळूहळू रूढ झाला. या समजात तथ्य असले तरी तो अर्धाच आहे, कारण तंत्राचे नियम पाठ करून ज्यांना कथा साधली नाही अशांची उदाहरणे पुष्कळ सापडतील, पण कुणाचेच काही बारकाईने न वाचता आणि आपले कुणालाच न दाखवता चांगला कथाकार झालेला माणूस सापडणे अवघड आहे. कथा शिकण्याचे जे मार्ग प्रत्यक्षात उपयोगी ठरले ते दोनच: छापलेली उत्तम कथा ओळीओळीने वाचणे, आणि कच्चा खर्डा आपल्याच बरोबरीच्या लिहिणाऱ्यांपुढे ठेवणे. हे दोन मार्ग सहसा वेगवेगळे मानले जातात. वस्तुतः दुसऱ्या मार्गात जे घडते ते पहिल्याचेच पुढचे पाऊल असते, आणि तेथे खरा लाभ ज्याचा खर्डा वाचला जातो त्याच्यापेक्षा जो वाचतो त्याच्या पदरात अधिक पडतो.

सूक्ष्म वाचन, म्हणजे लेखकाचे चरित्र, त्याचा काळ, त्याची कीर्ती हे सारे बाजूला ठेवून समोरच्या संहितेतील शब्द, क्रम आणि वगळलेल्या जागा यांच्याकडेच पाहणे, ही शिस्त विद्यापीठांतून आली. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी कवींची नावे न सांगता कविता विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या, त्यांवरचे लेखी अभिप्राय गोळा केले आणि सुशिक्षित वाचकही किती ठिकाणी अडखळतात हे १९२९ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. अमेरिकेत क्लीन्थ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरेन यांनी १९४३ मध्ये हीच पद्धत कथेच्या अध्यापनात रुजवली. मात्र समीक्षक आणि उमेदवार कथाकार एकच कथा सूक्ष्मपणे वाचत असले तरी त्यांचे प्रश्न एक नसतात. कथेचा अर्थ काय, हे समीक्षकाला हवे असते. उमेदवाराला हे वाक्य येथेच का आले, ते आधी आले असते तर काय बिघडले असते, आणि मुळीच आले नसते तर कुणाच्या लक्षात आले असते का, हे हवे असते.

आन्तोन चेकॉव्ह यांची १८९७ सालची ‘गाडीतून’ ही कथा या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. घटना म्हणाव्यात तर तीत जवळजवळ नाहीतच. मार्या वासिल्येव्हना ही खेड्यातली शिक्षिका शहरातून पगार घेऊन, म्हाताऱ्या सेम्योनच्या घोडागाडीतून आपल्या गावी परतते. वाटेत हानोव्ह नावाचा देखणा, एकाकी, वाया गेलेला जमीनदार भेटतो. एका चहाच्या दुकानात ती थांबते. पुलाचा वळसा टाळण्यासाठी सेम्योन गाडी नदीतून घालतो, तिचे बूट भिजतात, विकत घेतलेली साखर आणि पीठ भिजते. रेल्वेच्या फाटकाशी गाडी थांबते आणि आगगाडीच्या डब्यात तिला क्षणभर आपल्या मृत आईसारखी दिसणारी बाई दिसते. फाटक उघडते आणि ती घरी पोहोचते.

कथेच्या अगदी आरंभी, वसंत ऋतूचे वर्णन आणि त्याविषयीची तिची उदासीनता संपता संपता, चेकॉव्ह तिच्या बालपणाची माहिती देऊन टाकतात: आईवडील लवकर गेले, भाऊ होता पण त्याची पत्रे थांबली, जुन्या वस्तूंपैकी आईचे एक छायाचित्र तेवढे उरले आणि तेही शाळेतल्या ओलीने असे विटले की केस आणि भुवयांपलीकडे काही दिसत नाही. पहिल्या वाचनात हा तपशील दारिद्र्याचा एक पुरावा म्हणून नजरेखालून निघून जातो, आणि तो तसा निघून जावा अशीच योजना आहे. फाटकाशी डब्यातली बाई दिसते तेव्हा मार्याला आईचा चेहरा तेरा वर्षांत प्रथमच लख्ख आठवतो. वाचकाला हा क्षण उपरा वाटत नाही, कारण चेहऱ्याची रिकामी जागा त्याच्या मनात आधीच तयार ठेवलेली असते. छायाचित्राचे ते वाक्य काढून कथा पुन्हा वाचली, तर शेवट निव्वळ योगायोग होऊन बसतो. उलट, ते विटलेले न ठेवता स्पष्ट ठेवले असते, तर मार्याला आईचा चेहरा रोजच दिसला असता आणि आगगाडीच्या डब्याला काही करण्यासारखे उरले नसते.

हानोव्हचे काम याहून गुंतागुंतीचे आहे. एकटी शिक्षिका, एकटा जमीनदार आणि वसंतातला रस्ता एवढे दिसताच वाचक प्रेमकथेची वाट पाहू लागतो. मार्याच्याही मनात तो विचार येऊन जातो. चेकॉव्ह ही अपेक्षा झटकून टाकत नाहीत. हानोव्हला त्याच्या वाटेने जाऊ देतात, नदीचा ओला, गार, वैतागवाणा प्रसंग मध्ये घालतात, आणि अपेक्षा विझली असे वाटत असताना त्याला फाटकाशी पुन्हा उभा करतात. तो पुलावरून, कोरड्या पायांनी आलेला असतो. त्या क्षणी मार्याला झालेला आनंद त्याच्यावरही सांडतो, ती त्याच्याकडे बरोबरीच्या नात्याने पाहून हसते, आणि एवढ्यात सेम्योन तिला गाडीत बसायला हाक मारतो. विवाह नाही, संभाषण नाही, साधा गैरसमजही नाही. असे असूनही वाचकाला काहीतरी घडून गेल्याचे जाणवते, कारण अपेक्षा निर्माण करणे, ती बाजूला सारणे आणि वेगळ्याच रूपात परत आणणे ही हालचाल पूर्ण झालेली असते. अमेरिकन कथाकार जॉर्ज सॉन्डर्स यांनी सिराक्यूस विद्यापीठात वर्षानुवर्षे रशियन कथा शिकवल्यानंतर २०२१ मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात ही कथा ते एकेक पान करून देतात आणि प्रत्येक पानाशी थांबून विचारतात की आता कशाची वाट पाहिली जात आहे. पुढचे पान झाकून ठेवण्याची ही साधी युक्ती कुणालाही घरी करता येण्यासारखी आहे.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. उत्तम कथा आपले पर्याय लपवून ठेवते. चेकॉव्ह यांनी काय लिहून खोडले, हानोव्ह पहिल्या खर्ड्यात होता की नव्हता, हे छापील पानावर कळत नाही. सगळे असेच असायला हवे होते असा भास होतो, आणि त्या भासापुढे उमेदवार दबून जातो. म्हणून एकाच कथेची दोन रूपे हाती येतात तेव्हा ती फार मोलाची ठरतात. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर यांचा १९८१ सालचा गाजलेला संग्रह संपादक गॉर्डन लिश यांनी इतका छाटला होता की मूळ हस्तलिखिताचा अर्ध्याच्या आसपास मजकूर उरला; मूळ रूप २००९ मध्ये ‘बिगिनर्स’ या नावाने छापले गेले. त्यातली एक कथा वाढदिवसाच्या दिवशी मोटारीची धडक बसलेल्या मुलाची, त्याच्या आईवडिलांची आणि केक न्यायला कुणी येत नाही म्हणून फोन करीत राहणाऱ्या बेकरीवाल्याची आहे. लिश यांच्या रूपात मुलाचे काय होते हे कळण्याआधीच, फोनवरच्या बोलण्यात कथा तुटते. कार्व्हर यांनी १९८३ च्या पुढच्या संग्रहात जे दीर्घ रूप छापले त्यात मूल जाते, आईवडील संतापाने बेकरीत जातात आणि तेथे पहाटेपर्यंत बसून तो माणूस देईल तो ताजा पाव खातात. दोन्ही रूपे लागोपाठ वाचणाऱ्याला छाटणीने धास्ती वाढते पण करुणा उणावते, हे कुणी सांगावे लागत नाही. त्याचबरोबर हेही दिसते की अभिप्राय देणे आणि दुसऱ्याची कथा आपल्या मनासारखी करून घेणे यांत एक सीमा आहे आणि लिश ती ओलांडून गेले. पुस्तक थांबवावे म्हणून कार्व्हर यांनी लिश यांना कळवळून पत्र लिहिले होते. पुस्तक थांबले नाही.

दोन रूपे छापलेली असणे हा दुर्मीळ योग. सहज उपलब्ध असलेला कच्चा माल म्हणजे सहकाऱ्याचा खर्डा, आणि परस्परांच्या खर्ड्यांचे वाचन सुरू होते ते येथे. आयोवा विद्यापीठात १९३६ पासून चाललेली लेखन-कार्यशाळा या प्रकारात सर्वांत प्रसिद्ध असली, तरी बरोबरीच्या माणसांनी एकमेकांना वाचण्याची पद्धत अधिक स्वच्छपणे दिसते ती विज्ञानकथाकारांच्या वर्तुळात. पेनसिल्व्हेनियातील मिलफर्ड या गावी १९५६ मध्ये डेमन नाइट, ज्युडिथ मेरिल आणि जेम्स ब्लिश यांनी व्यावसायिक लेखकांची बैठक भरवली. तेथून जी रीत रूढ झाली ती अशी: सर्वांनी खर्डा आधी वाचून यायचे, गोल करून बसायचे, प्रत्येकाने पाळीपाळीने ठरावीक वेळात बोलायचे, एकाच्या बोलण्यात दुसऱ्याने तोंड घालायचे नाही, आणि हे सगळे होईपर्यंत लेखकाने अवाक्षर काढायचे नाही. शेवटी बोलण्याची पाळी त्याची. रॉबिन स्कॉट विल्सन यांनी १९६८ मध्ये त्याच राज्यातल्या क्लॅरियन महाविद्यालयात सुरू केलेल्या कार्यशाळेने ही रीत नवोदितांपर्यंत नेली. सहा आठवडे, बहुधा दर आठवड्याला नवा शिक्षक, आणि रोज दुसऱ्यांच्या कथा वाचण्याचे ओझे. पुढे मोठ्या ठरलेल्या ऑक्टेव्हिया बटलर १९७० मध्ये तेथे विद्यार्थिनी होत्या.

लेखकाच्या तोंडाला कुलूप लावण्यामागचे कारण व्यावहारिक आहे. कथा छापून गेल्यावर लेखक वाचकाच्या खुर्चीमागे उभा राहून खुलासा करू शकत नाही, तेव्हा बैठकीतही त्याला तो करू देऊ नये. समजा, एका खर्ड्यात पुण्यात नोकरी करणारी मुलगी गावचे घर विकण्याच्या कागदावर सही करायला येते, आणि तिसऱ्या पानावर शेजारच्या काकू तिला थालीपीठ खायला बोलावतात. बैठकीतला एक वाचक म्हणतो, काकूंचा प्रसंग काढून टाका. दुसरा म्हणतो, तो वाढवा, काकूंना काहीतरी गुपित ठाऊक असू द्या. तिसरा म्हणतो, प्रसंग ठीक आहे, पण भाषा फार गोड झाली. तिन्ही सूचना एकमेकींना छेद देतात, आणि लेखिका हतबुद्ध होते. वास्तविक तिघांनी मिळून एकच गोष्ट सांगितलेली असते, ती ही की तिसऱ्या पानावर त्यांचे लक्ष सुटले. दोष कदाचित तिसऱ्या पानावर नसेलही. पहिल्या पानावर मुलीला घर विकायचे आहे की नाही हेच ठरवलेले नसल्यामुळे काकूंच्या आग्रहाला आडवे जाण्यासारखे तिच्याकडे काही नसेल. वाचक कोठे अडखळला हे तो खात्रीने सांगू शकतो, का अडखळला हे बहुतेक वेळा चुकीचे सांगतो, आणि त्यावर तो सुचवील तो उपाय तर फारच क्वचित लागू पडतो. चांगल्या बैठकीत ‘येथे मला कंटाळा आला’, ‘येथे मला वाटले की ती सही करणार नाही’, ‘हे वाक्य मी दोनदा वाचले’ अशा नोंदींना मान असतो, आणि ‘मी असतो तर’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या वाक्यांना नसतो.

अशी नोंद करायची तर वाचणाऱ्याला स्वतःवर पाळत ठेवावी लागते, आणि येथेच तो शिकतो. स्वतःच्या खर्ड्यात लेखकाला जे लिहिले आहे त्याबरोबर जे मनात होते तेही दिसत असते; दुसऱ्याच्या खर्ड्यात फक्त कागद दिसतो. छापील कथेत सांधे बेमालूम झालेले असतात, तर कच्च्या खर्ड्यात ते उघडे असतात: निवेदक मध्येच पात्राच्या मनातून उडी मारून बाहेर येतो, दोन पाने पुरेल एवढी पूर्वकथा एका परिच्छेदात कोंबलेली असते, शेवटच्या ओळीत लेखिकेचा धीर सुटून ती कथेचे तात्पर्य सांगून टाकते. दहा खर्ड्यांत हे पाहिलेल्या माणसाला अकराव्या वेळी ते आपल्याच वहीत दिसते. ‘छान जमली आहे’ असा अभिप्राय देणारा मित्र म्हणून लेखकाचे फारसे बिघडवत नाही. नुकसान होते ते त्याचे स्वतःचे, कारण त्याने वाचण्याचे कष्टच घेतलेले नसतात. अर्थात आपली कथा सारखी दाखवत राहणे आणि दुसऱ्याचे वाचताना डुलक्या काढणे, हा प्रकार प्रत्येक लेखक-मंडळात असतोच.

मराठीत हे काम गोलाकार बैठकीपेक्षा टपालाने अधिक झाले. १९३३ ते १९८२ या काळात चाललेल्या ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे आलेल्या कथांवर सविस्तर पत्रे लिहीत, लेखकांना गिरगावातल्या खटाववाडीत बोलावून चर्चा करीत आणि कथा पुनर्लेखनासाठी परत पाठवीत. साभार परतीची चिठ्ठी सगळीच मासिके धाडत. कथा कोठे बसते आणि कोठे उठते हे सांगणारे पत्र मिळणे वेगळे होते. हाच पटवर्धनांचा हात ‘पाडस’ या अनुवादातही दिसतो. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ती कादंबरी मुळात मॅक्सवेल पर्किन्स या संपादकाने लेखिकेच्या मागे लागून लिहवून घेतली होती, आणि मराठीत ती आली तीही एका संपादकाच्याच लेखणीतून. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांचे कथाकथन होते. तेथे अभिप्राय समोरच्या खुर्च्यांतून तत्काळ मिळे, आणि कोणत्या वाक्यावर सभागृह चुळबुळते हे लपवणे अशक्य होते. कथा मोठ्याने वाचून पाहण्याची सवय मंडळांनी तेथून उचलायला हरकत नाही. डोळा ज्या वाक्यावरून घसरतो त्यावर जीभ अडते.

टपालाच्या या पद्धतीत एक असमानता होती. पत्र वरून खाली येत असे. १९६९ मध्ये राजा ढाले आणि अनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली, तेव्हा त्यांचा राग एखाद्या नाकारलेल्या कथेपुरता नव्हता, चांगले काय हे ठरवणारी अभिरुची कुणाची, असा त्यांचा प्रश्न होता. हाच प्रश्न आयोवातही उभा राहिला. सँड्रा सिस्नेरोस यांनी तेथून १९७८ मध्ये पदवी घेतली, पण वर्गात घराविषयी जी चर्चा होई त्यातले घर आपल्या ओळखीचे नाही हे त्यांना तेथेच उमगले, आणि शिकागोतल्या मेक्सिकन वस्तीतील मुलीचे ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ हे १९८४ सालचे पुस्तक त्या परकेपणातून निघाले. गोल बसलेली माणसे एकाच थरातली असतील तर त्यांचे एकमत हे कथेविषयीचे मत नसून त्या थराविषयीचे असू शकते, आणि लेखकाला बोलायची बंदी असल्याने ते तपासलेही जात नाही. मॅथ्यू सॅलेसिस यांनी २०२१ च्या आपल्या पुस्तकात मौनाच्या या नियमावर नेमके हेच बोट ठेवले.

येथे चेकॉव्ह पुन्हा आठवतात, पण आता अडचण म्हणून. लेखिका लिडिया अविलोव्हा यांना त्यांनी पत्रातून सल्ला दिला होता की दुःखी माणसांविषयी लिहून वाचकाला हेलावायचे असेल, तर लेखकाने अधिक थंड राहावे. सल्ला उत्तम आहे, आणि कार्यशाळांत तो नियम होऊन बसला आहे: संयम हा गुण, आवाज चढणे हा दोष. आता बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा १९६३ सालचा संग्रह समोर ठेवावा. त्यातले निवेदन तापलेले आहे, विशेषणे एकामागून एक कोसळतात, पात्रे दबक्या स्वरात बोलत नाहीत. शीर्षककथेतला निवेदक नोकरीसाठी परगावी जातो, जात लपवून राहतो आणि ती उघड होताच मार खातो. ही हकीकत थंडपणे सांगितली असती तर ती मार्या वासिल्येव्हनाच्या जातीची कथा झाली असती, बागुलांची झाली नसती. संयमाचा नियम घेऊन बसलेल्या मंडळाने या कथेच्या समासात ‘अतिरेक’ असा शेरा मारला असता. ज्याने ती सूक्ष्मपणे वाचली असती त्याने मात्र आधी विचारले असते की हा चढलेला स्वर कोठे सुरू होतो, कोठे थांबतो आणि त्या दरम्यान निवेदकाला गप्प बसणे का परवडत नाही.

म्हणूनच अलीकडे पुष्कळ मंडळे बैठकीचा क्रम बदलून पाहत आहेत. नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास आखलेल्या पद्धतीत आधी वाचकांनी काय ठसले तेवढेच सांगायचे असते, मग लेखकाने स्वतःला पडलेले प्रश्न विचारायचे, त्यानंतर वाचकांनी मत दडवलेले नाही असे साधे प्रश्न विचारायचे, आणि मत द्यायचे ते सर्वांत शेवटी, तेही लेखकाला हवे असल्यास. या रीतीने बैठक लांबते, आणि पहिल्याच फेरीत नुसत्या स्तुतीवर तहान भागवून उठणारे लेखकही निघतात. पण काकूंच्या थालीपिठापाशी अडलेल्या लेखिकेला तीन उपाय ऐकण्याआधी ‘या मुलीला घर विकायचे आहे का?’ एवढा एक प्रश्न कुणी विचारला, तर तिला बहुधा उरलेल्या फेरीची गरज भासणार नाही आणि ती पहिले पान काढून बसेल.